मानाचा सोफा

सतरा ऑगस्टचं, म्हणजे तिथल्या स्वातंत्र्यदिनाचं, झेंडावंदन उरकलं की पाक द्विजोंच्या बैठकीतला लाल मखमली सोफा चौघं जण उचलून मैदानाच्या कडेला आणत. वर ताडपत्रीची सावली, समोर तिपाई, तिपाईवर खाऊचा पुठ्ठ्याचा डबा. आणि सोफ्यावर बाटिकचा सदरा घातलेला तारवोको. देशाच्या फुटबॉल संघातला गोलकीपर आपल्या वस्तीचा म्हटल्यावर त्याला काय बांबूच्या बाकड्यावर बसवायचं? पाक द्विजो, म्हणजे द्विजोराव, वस्तीचे मुख्य होते आणि मानपानात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता.

तारवोकोचं दुखणं असं, की बसण्यातच त्याचा जन्म चालला होता.

नऊ वर्षं तो राष्ट्रीय संघात होता आणि नऊ वर्षांत एक मिनिटही खेळला नव्हता. राखीव गोलकीपर. पहिला गोलकीपर असा ठणठणीत निघाला की त्याला या नऊ वर्षांत साधी सर्दीही झाली नाही. मधे दोन पोरं आली, कानामागून येऊन तिखट झाली, चार-चार सामने खेळून गेलीसुद्धा. तारवोको होता तिथेच. बँकॉक, हनोई, मनिला, सगळीकडे जाऊन आला. कुठल्या शहरातलं बाक मऊ, हे त्याला विचारावं.

त्याची आई मैदानालगतच्या नाक्यावर मेंडोआन विकायची, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या टेंपेचे पातळ काप पिठात बुडवून मऊसर तळलेले. बियुंग म्हणायचा तो तिला. सामना टीव्हीवर असला की कॅमेरा बाकावरून फिरायचा तेवढे दोन सेकंद बियुंगचे. सामना संपला की तिचा फोन यायचा.

"आज पोक काढून बसला होतास. शेजारचा बघ कसा ताठ बसतो."

एकदा मात्र पहिला गोलकीपर पाय धरून आडवा झाला आणि तारवोकोनं जॅकेट काढलं. बियुंग टीव्हीसमोर उभीच राहिली, कढईतल्या मेंडोआनचा कोळसा झाला. मग तो गोलकीपर उठला आणि तारवोकोनं जॅकेट पुन्हा चढवलं.

"जळलेले खाल्ले कोणी?" त्यानं नंतर विचारलं.

"मीच. टाकवले नाहीत."

पोटापाण्याला क्लब होता, पण तो समुद्रापलीकडे, कालिमांतानात. तिथले सामने टीव्हीवर येत नसत आणि बियुंगला बोट लागायची. लहानपणी तो याच मैदानावर गोल राखायचा, तेव्हा ती बाजारात टोपली घेऊन बसलेली असायची.

यंदा त्यानं निवृत्तीचं पत्र देऊन टाकलं. पस्तिशी उलटली होती. सतरा ऑगस्टच्या सकाळी हे बियुंगला सांगितलं तेव्हा ती पीठ कालवत होती.

"म्हणजे आता टीव्हीवर दिसायचा नाहीस."

"नाही."

"एक विचारू? रागावू नको." तिनं हात थांबवला. "तू खरंच चेंडू अडवतोस ना रे? लोक विचारतात. मी हो म्हणते. पण मी काही पाहिलेलं नाही."

त्याला हसू आलं, पण ते टिकलं नाही. आईला एकदा दाखवावं, एकदाच, एवढं एक त्याच्या मनानं घेतलं.

दुपारी दरवर्षीचा सामना लागला. एकीकडे लग्न झालेले, दुसरीकडे बिनलग्नाचे, आणि सगळ्यांच्या अंगात बायकांचे गाऊन. गाऊन नाही तर मैदानात पाय नाही, हा नियम. फुलाफुलांचे बापये धुळीत लोळत होते आणि बायका पोट धरून हसत होत्या.

"कांग वोको," एक जण सोफ्यावरच्या वोकोदादाकडे बघून ओरडला, "पस्तीस झाली, तुमची टीम अजून बिनलग्नाचीच का?"

"मुलगी बघायला गेलो तरी राखीवच ठेवतात," तारवोको म्हणाला.

दोन-दोन झाले. शेवटची पाच मिनिटं उरली आणि बिनलग्नाच्यांचा गोलकीपर स्वतःच्याच गाऊनमध्ये पाय अडकून कोसळला, तो समोरच्याला घेऊनच. लग्न झालेल्यांना पेनल्टी मिळाली, वर याचा घोटा टम्म सुजला. पोरांनी सोफ्याकडे पाहिलं आणि लगेच नजर वळवली. देशाच्या गोलकीपरला गाऊन घाल म्हणायची छाती कोणाची?

तारवोको उठू लागला. पाक द्विजोंनी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"बसा, बसा. केक राहिलाय तुमचा."

"पाक, मी जातो गोलमध्ये."

"शोभेल का ते? पाहुण्याला कामाला जुंपलं म्हणून चार वस्त्या हसतील आम्हाला."

वडीलधाऱ्यांचा हात झटकून उठायची रीत त्या मुलखात नाही. तारवोको बसला. सवयच होती. त्यानं नाक्याकडे पाहिलं. बियुंग झारा हातात धरून त्याच्याकडेच बघत होती, आणि तिनं झाऱ्यानं खूण केली: ताठ बस.

ते मात्र त्याला सोसलं नाही. पाक द्विजोंचा हात त्यानं दोन्ही हातांनी अदबीनं उचलला आणि खाऊच्या डब्यावर ठेवला.

"पाक, मी पाहुणा कधीपासून झालो? माझी नाळ इथेच पुरलीय."

पाक द्विजोंना नियम आठवला. "पण गाऊन?"

बियुंगनं मागच्या दोरीवरचा गाऊन ओढून त्याच्याकडे भिरकावला. जांभळा होता, त्यावर ताटाएवढाल्या पपया. तारवोकोनं तो बाटिकवरूनच चढवला.

पेनल्टी मारायला लिक कारसुन, म्हणजे कारसुनकाका, आला. पापड विकायचा, चार मुलींचा बाप. त्यानं सरळ मारला. तारवोको उडी घ्यायला गेला, पाय गाऊनच्या काठावर पडला, गुडघ्यांवर आपटला आणि चेंडू पपयांत गुरफटून बसला. मैदान दणाणलं. पोरं त्याच्या अंगावर पडली.

त्यातून मान काढून त्यानं नाक्याकडे पाहिलं. बियुंग पाठमोरी होती.

"बियुंग, अडवला," कोणीतरी ओरडलं.

"मी नाही बघितला," ती वळून म्हणाली. "गिऱ्हाईक होतं."

तारवोकोनं गाऊनमधून चेंडू काढला आणि लिक कारसुनच्या हातात दिला.

"लिक, परत मारा."

"कांग, वेड लागलं का?" पोरं कळवळली. "अडवलाय तुम्ही."

"गाऊननं अडवला. मी नाही."

लिक कारसुन कशाला नाही म्हणतोय? आंधळा मागतो एक डोळा. त्यानं चेंडू ठेवलासुद्धा. बियुंगनं चूल बंद केली, गिऱ्हाइकाला थांब म्हणाली आणि हात पुसत गोलच्या मागे येऊन उभी राहिली. तारवोकोनं गाऊनचा कासोटा मारला.

कारसुननं उजव्या कोपऱ्यात मारला. तारवोको झेपावला, होता नव्हता तेवढा लांब झाला. चेंडू त्याच्या बोटांना लागला, खांबावर आदळला आणि आत गेला.

लग्न झालेले जिंकले. बायकांनी भांडी बडवली, बिनलग्नाच्या पोरांनी तारवोकोचा उद्धार केला. पाक द्विजोंनी चौघांना हाक मारून सोफा घरी न्यायला सांगितलं. पुढच्या वर्षी हा तिथे बसेल असं त्यांना काही दिसेना.

तारवोको धुळीत पालथा पडला होता. बियुंग जवळ येऊन उकिडवी बसली.

"बोटं लागली होती, बियुंग."

"लागली. पाहिलं मी."

तो तसाच पडून राहिला. उठायची त्याला घाई नव्हती. इतकं बरं त्याला कुठल्याच मैदानात वाटलं नव्हतं.

"उद्या कोणी विचारलं तर मी सांगेन," बियुंग म्हणाली. "आता मला माहीत आहे." मग तिनं गाऊनच्या फाटलेल्या बाहीत बोट घालून पाहिलं. "हे मात्र तूच शिवायचं. घरीच असणार आहेस ना आता?"