मुळशी स्टेशनची पाटी

मी पाटी बोलतेय. रेल्वे स्टेशनच्या टोकाला दोन खांबांवर उभी असते ना, पिवळी, काळ्या अक्षरांची, तीच. फक्त मी तुमच्या करंगळीएवढी आहे, आणि ज्या गावाचं नाव माझ्यावर आहे त्या गावात रूळच नाहीत. मुळशीला धरण आहे, भात आहे, शनिवार-रविवारी पुण्याहून येणाऱ्या मोटारी आहेत. रेल्वे नाही. ती जनार्दननं आणली, सहा फूट लांब आणि चार फूट रुंद प्लायवूडवर.

जनार्दन हिंजवडीत कंपनीची गाडी चालवायचा. त्याच्या गाडीतून रोज जाणारे एक साहेब परदेशी निघाले, तेव्हा त्यांनी आपलं छोटं इंजिन, तीन डबे आणि रुळांचं खोकं त्याला देऊन टाकलं. कुणी त्याला खेळणं म्हटलं की जनार्दनला राग यायचा. "मॉडेल म्हना," तो म्हणायचा. भाताच्या कणगीशेजारी त्यानं ते मांडलं. प्लास्टरचं धरण केलं, हिरव्या रंगात भिजवलेल्या भुश्याचे डोंगर केले, ओढ्यावर आइस्क्रीमच्या काड्यांचा पूल केला.

माझा जन्म श्रीखंडाच्या डब्याच्या झाकणातून झाला. त्यानं ब्लेडनं मला कापलं, दोनदा पिवळा रंग दिला, मग ब्रशचे सगळे केस उपटून एकच ठेवला आणि श्वास रोखून लिहिलं. वर मराठीत मुळशी, मध्ये हिंदीत मुलशी, खाली इंग्रजीत. "हिंदीवाल्यांना ळ न्हाई," तो धाकट्या भावाला सांगत होता, "त्यांचं 'ल'वरच भागतंय." सगळ्यात खाली बारीक अक्षरांत त्यानं लिहिलं 'समुद्रसपाटीपासून उंची', पुढं मोकळी जागा सोडली आणि शेवटी मीटरचा 'मी' काढला.

धाकटा भाऊ म्हणजे विश्राम. सातवीत शाळा सोडलेला, एकवीस वर्षांचा. शेत तोच बघायचा. माया भरपूर, पण डोकं गरम. आधी हात उचलायचा, मग विचार करायचा.

पौडच्या रईसचा फोटो स्टुडिओ होता आणि तिथं इंटरनेट होतं. महिन्यातून एकदा तो कॅमेरा घेऊन यायचा, आमचे फोटो काढायचा आणि एका संकेतस्थळावर टाकायचा. तिथं देशभरातली अशीच येडी माणसं आपापल्या टेबलावरच्या रेल्वेचे फोटो एकमेकांना दाखवतात. त्यांची उत्तरं रईस कागदावर छापून आणायचा आणि मराठीत सांगायचा.

"सिग्नल उजवीकडं लावलायस म्हनं. डावीकडं पायजेल."

"बरं. अजून?"

"तुजी म्हस डब्यापेक्षा उंच हाय म्हनं."

"लिव की, मुळशीच्या म्हशी तशाच असत्यात. तुमी कवा बघितल्या?"

दोघं हसायचे. दुसऱ्या दिवशी जनार्दन सिग्नल डावीकडं न्यायचा आणि म्हैस कानशीनं घासून बुटकी करायचा. फोटोत कुणी चूक काढली नाही, तर तो फोटो त्याला वाया गेल्यासारखा वाटे. "चूक काढली म्हंजी मानसानं डोळं घालून बघितलं," तो म्हणे. "छान छान तर कुनीबी म्हनतंय."

त्यांच्यात मिरजेचे हैबतराव होते, रेल्वेतून निवृत्त झालेले गार्ड. ते फोटोतले रुळांखालचे स्लीपर मोजायचे. माझ्याबद्दल ते दर खेपेला एकच लिहायचे : 'पाटीवर आकडा कुठाय? उंची नाही तोवर तुमचं स्टेशन हवेतच.'

आकडा ठोकून द्यायचा नव्हता जनार्दनला. धरणावरच्या चौकीत त्यानं विचारलं. तिथला माणूस म्हणाला, "पान्याची उंची सांगतो. गावाची कोन मोजतंय?" शेवटी जमीन मोजायला आलेल्या एका माणसानं आकडा काढून देतो म्हणून कबूल केलं. जनार्दननं लगेच हैबतरावांना कळवलं, गणपतीला पाटी पुरी करून फोटो टाकतो. शब्द.

हे २००९ सालचं. जुलै महिना, शेतात लावणी चालू. विश्राम दिवसभर वाकून भात लावत होता. जनार्दनची त्या दिवशी सुट्टी होती. मांडीपर्यंत चिखलात भरलेला विश्राम घरात आला, तर दादा फळीवर वाकून केरसुणीचे काडीएवढे तुकडे एकेक करून चिकटवत होता. तीही भाताची लावणीच होती.

"रोपं लावतोयस व्हय?" विश्राम म्हणाला.

"जरा हितलं खाचर राह्यलंय. यिऊन बघ की."

"बघू? कंबर मोडली माजी खऱ्या खाचरात! लगीन व्हायचं वय झालं आन तू फळीवर भात लावतुया?"

आणि त्यानं फळीवर मूठ हाणली. पूल मोडला. मी खांबांसकट उडाले आणि कणगीच्या मागं जाऊन पडले. जनार्दन खाली बसून चाचपडत राहिला.

"इश्राम, पाटी कुटं गेली बघ रं."

"तूच शोध," विश्राम म्हणाला आणि पाय धुवायला निघून गेला.

चार दिवस दोघं बोलले नाहीत. पाचव्या दिवशी सकाळी कामावर जाताना भूगावच्या वळणावर जनार्दनच्या मोटारसायकलला डंपरनं उडवलं.

मला यातलं काही दिसलं नाही. मी कणगीच्या मागं धुळीत पालथी पडले होते. फक्त ऐकत होते. आधी एकाच माणसाच्या धावत येण्याचा आवाज, मग पुष्कळ माणसांचा. मग आईचा.

तेराव्याच्या जेवणाला तांदूळ काढायचे म्हणून कणगी सरकवली, तेव्हा मी विश्रामच्या हाताला लागले. त्यानं मला सदऱ्यानं पुसलं. कोपऱ्यातला रंग उडाला होता. तो मला मुठीत घेऊन तिथंच बसला. बाहेरून वडील दोनदा म्हणाले, "तांदूळ आन रं," तरी उठला नाही.

संध्याकाळी रईस आला. "ती लोकं इचारत्यात, पाटी झाली का म्हनून. म्या अजून कळवलं न्हाई, इश्राम. बोटंच चालंनात."

"फोटो टाकू," विश्राम म्हणाला. "शब्द दिलाता त्यानं."

पूल त्यानं पुन्हा जोडला, वाकडाच, पण जोडला. मग एका केसाचा तो ब्रश घेतला आणि माझ्यावर वाकला. एकेक अक्षर जुळवत त्यानं वाचलं. 'समुद्र' त्याला कळलं, 'सपाटी'वर तो अडला. 'उंची' मात्र चांगलं कळलं. जनार्दन दोनदा पोलीस भरतीला उभा राहिला होता आणि दोन्ही वेळा उंचीत गेला होता. एकशे पासष्टला दीड सेंटिमीटर कमी. तेव्हापासून त्या घरात उंची म्हटलं की ती एकच. आणि शेवटी दादानं स्वतःच्या हातानं लिहिलेलं होतं : मी.

मग आणखी कुणाची असणार?

श्वास रोखून त्यानं मोकळ्या जागेत लिहिलं, १६३.५.

पुणे स्टेशनच साडेपाचशे मीटरच्या वर आहे, आणि आमची मुळशी तर त्याहून वर, डोंगरात. एकशे त्रेसष्ट मीटर म्हणजे आमचं गाव कोकणात घरंगळलं! मला ओरडून सांगावंसं वाटलं. रईसनं कॅमेऱ्यातून पाहिलं, डोळा काढला, पुन्हा पाहिलं. तोंड उघडलं. विश्राम त्याच्याकडंच बघत होता.

"बरोबर आलंय का रं?"

"आलंय," रईस म्हणाला आणि फोटो काढला.

फोटोखाली त्यानं दोनच ओळी टाकल्या, जनार्दन गेला, पाटी त्याच्या भावानं पुरी केली. आठवड्यानं कागद घेऊन आला. एवढी उत्तरं कधीच आली नव्हती, सदतीस. कुणी हात जोडलेले, कुणी फुलं ठेवलेली.

"चूक कुनी काढली?" विश्रामनं विचारलं.

"न्हाई."

"येकानंबी?"

"न्हाई."

"मिरजेच्या गार्डांनी?"

"त्यांनी नुस्ता नमस्कार लिवलाय."

विश्राम खूश झाला. तेवढ्या दिवसांत पहिल्यांदा. भिंतीकडं तोंड करून म्हणाला, "बघ दादा. म्या लिवलं तर कुनाला चूक सापडंना."

पुढच्या वर्षी तो पाहुण्याला सोडायला पुणे स्टेशनला गेला. परत आला तो थेट रईसला बरोबर घेऊनच. ओला, धापा टाकत.

"तितल्या पाटीवरबी उंची हाय. तितंबी मी हाय. म्या हमालाला इचारलं, हा मी कोन? त्यो हसला. मीटर म्हनला." त्यानं रईसचा दंड धरला. "तुला ठावं व्हतं?"

"व्हय."

"सगळ्यांस्नी?"

"सगळ्यांस्नी."

मला वाटलं आता हा मूठ हाणणार. त्यानं खिशातून ब्लेड काढलं आणि माझ्या आकड्यावर धरलं. पण आकडा खरवडायचा तर खालचा पिवळाही निघणार, आणि तो दादानं दिलेला होता. ब्लेड तसंच थांबलं.

"त्यो असता तर सोडला असता का त्याला कुनी?" विश्राम हळूच म्हणाला. "मिरजेवाल्यानं पानभर झाडलं असतं. आन दादा हसला असता. चूक काढायला मानूस जित्ता लागतंय, रईस. सदतीस जन गप बसलं, म्हंजी त्यो खरंच गेला."

तेव्हा कुठं तो रडला. मयताच्या दिवशीही त्याला असं रडताना मी ऐकलं नव्हतं.

आता २०१० सरत आलंय. प्लायवूड ओलीनं फुगलंय, एका कोपऱ्याला वाळवी लागलीय. इंजिन चालत नाही. विश्राम लावणी करतो, भात कणगीत भरतो, पण माझ्याकडं पाहायचं टाळतो. माझ्यावरचा आकडा तसाच आहे.

वाचकहो, तो फोटोही अजून त्या संकेतस्थळावर आहे. तुम्हाला कुठं दिसला, तर फुलं ठेवू नका. हातही जोडू नका. एवढंच लिहा : जनार्दन, उंची साफ चुकलीय, आणि पूलही वाकडा आहे. रईस छापून आणेल. विश्रामला मोठ्यानं वाचून दाखवेल. त्या घरात कुणीतरी दादाशी पुन्हा भांडल्यासारखं होईल.