दारूच्या दराला मुनशींचं उत्तर

नागपूरहून आलेल्या त्या पत्राला निजामुद्दीन मुनशींनी दोन महिने उत्तर दिलं नव्हतं. दारूवरच्या कराचा दर वाढवावा काय, वाढवला तर किती, असं सरकारी समितीनं वाशीमच्या वाचनालयाचे चिटणीस म्हणून त्यांना विचारलं होतं. मुनशींनी ते दहादा वाचलं आणि एका जाड पुस्तकात दडपून ठेवलं. आपण कोण, आपलं मत ते काय?

मतांचा गावात तुटवडा नव्हता. वकील मंडळी म्हणत, दर चढवा म्हणजे गरिबाची सुटेल. ठेकेदार म्हणे, चढवाल तर लोक घरीच गाळतील आणि सरकार बुडेल. मुनशी दोघांपुढेही मान हलवत. कचेरीपुढच्या लिंबाखाली बसून लोकांचे अर्ज लिहायचा त्यांचा परवाना तहसीलदाराच्या हातचा. नसत्या फंदात पडून तो घालवायची त्यांची छाती नव्हती.

उत्तराच्या मुदतीला चार दिवस उरले असताना अनसिंगकडच्या तांड्यावरची रुपाबाई आली. तांड्याजवळचं दारूचं दुकान बंद करा, असा अर्ज तिला हवा होता. मागच्या साली दर वाढला तेव्हा तिच्या नवऱ्यानं, लालसिंगनं, पिणं सोडलं नाही. मोहाची फुलं आणून घरीच गाळायला लागला. झडती आली तसा तो रानात पळाला. हंडा चुलीवर, चूल बाईची, म्हणून धरलं रुपाबाईला. महिनाभर तुरुंगात होती.

मुनशींनी रिवाजाप्रमाणे अर्ज वाचून दाखवला आणि तिचा अंगठा घेतला. मग राहवलं नाही म्हणून त्या पत्राची गोष्ट सांगून बसले.

"तांड्यावर कोनाले इचारलं त्याइनं?"

"कोनालेच नाही."

"अन् तुमाले इचारलं, तं तुमी काय सांगतलं?"

मुनशी दौतीचं झाकण लावायला लागले.

"म्या महिना काढला जेलात, मुनशीजी. तुमाले कागदाचा एवढा भेव कायचा?"

त्यांनी कोरा कागद ओढला. दर वाढला की पुरुष पिणं सोडत नाही, फक्त भट्टी बाईच्या चुलीवर येते. तेव्हा दर किती वाढवावा हा प्रश्नच चुकीचा आहे, दुकान उठवायचं की नाही ते विचारा, असं त्यांनी लिहिलं. सवयीनं अंगठ्यासाठी जागा सोडली आणि आपलं नाव कोपऱ्यात बारीक अक्षरात घातलं, लेखनिक म्हणून. वाचून दाखवलं.

"अंगठा कोनाचा याच्यावर?" रुपाबाईनं विचारलं.

"तुमचाच. बोल तुमचे हायत."

"त्याइनं ज्याइले इचारलं, त्याइच्यात माहं नाव हाय?"

नव्हतं. तिचा अंगठा असलेला कागद समिती बाजूला सारणार, हे मुनशींना ठाऊक होतं.

कचेरीत निघालेले एक वकील तेवढ्यात मागून डोकावले. दोन ओळी वाचून हसले आणि परवाना जड झाला काय, असं त्यांनी विचारलं.

"जड झाला असंन तं घेऊन जा म्हना तहसीलदाराले," मुनशी म्हणाले.

त्यांनी कोपऱ्यातलं नाव खोडलं. अंगठ्याच्या जागी ठळक अक्षरांत पुरतं नाव लिहिलं. खाली, प्रत्येक अर्जावर घालावा लागतो तसा, परवान्याचा नंबरही घातला, म्हणजे कोणाला शोधत बसायला नको. रुपाबाईनं पुन्हा एकदा सगळं वाचायला लावलं. अर्जदाराला वाचून दाखवायचा रिवाज होता, आणि आता अर्जदार मुनशी होते.

मग दौत तिला सांभाळायला देऊन मुनशी टपाल कचेरीपर्यंत चालत गेले आणि पाकीट पेटीत टाकलं.