कसलेला की पिळदार?

संगणकावरच्या चित्रातला धावपटू हसत होता आणि भाचीला मात्र रडूच यायचं बाकी होतं. काम तसं सोपं. गोष्टींतल्या पात्रांची चित्रं बघायची आणि प्रत्येकाच्या अंगकाठीला एक शब्द जोडायचा, म्हणजे शोधणाऱ्याला हवं ते चित्र सापडतं. जाडा, किडकिडीत, ठेंगणा इथवर गाडी सुरळीत चालायची. ‘कसलेला’ आणि ‘पिळदार’ या दोघांपाशी घोडं पेंड खायचं. तिचं काम दोनदा परत आलं होतं. आजही परत आलं तर उद्यापासून येऊ नका, असं तपासनिसाने बजावलं होतं.

“मावशी, हा धावतोय, म्हणून कसलेला. हा दगड उचलतोय, म्हणून पिळदार. चुकलं कुठे?”

मावशी तलावावर मुलांना पोहायला शिकवायची. ओला टॉवेल खुर्चीवर टाकून ती पडद्याजवळ आली.

“तो करतोय काय, हे कुणी विचारलंय? उद्या मी दगड उचलला तर पिळदार होईन का?”

“उचलून तर बघ!”

“चहाटळपणा पुरे. तो दगड झाक.”

भाचीने पडद्यावर तळहात धरला. दगड गेला आणि खाली उरला एक सडसडीत माणूस.

“दंडावर गोळे दिसतात? पोटावर पीळ?”

“नाही गं. पोट सपाट आहे. ढिला मात्र कुठेच नाही.”

“मग तो कसलेला. आता तुझा धावणारा बघ.”

धावणाऱ्याच्या मांड्या दोरखंड वळावेत तशा रेखाटल्या होत्या. छातीचा एकेक स्नायू सुटा दिसत होता. भाचीने कपाळावर हात मारला. इतके दिवस ती अंगाला सोडून कामाला नाव देत बसली होती! तिने भराभर सगळी चित्रं दुरुस्त केली.

शेवटी उरली एक तिरंदाज बाई. खांदे नि दंड पहिलवानाचे, कमरेखाली वेताची छडी.

“पिळदार,” मावशी म्हणाली.

“आणि पाय?”

“मग कसलेली म्हण.”

“आणि दंड?”

मावशीने मान डावीकडे कलती केली, मग उजवीकडे. “आता मलाच कळेना बाई. अशी एक येते आमच्या तलावावर. तिला मी नुसतं ‘पाय मार’ म्हणते.”

शब्द तर एकच जोडायचा होता. भाचीने धीर करून तपासनिसालाच फोन लावला.

“साहेब, त्या तिरंदाज बाईंचं मला ठरवता येत नाहीये. वर पिळदार आहेत, खाली कसलेल्या.”

पलीकडे तपासनीस कुणावर तरी ओरडला, “बघ, मी म्हणत नव्हतो?” आणि फोनवर म्हणाला, “अहो, तिच्यावरून इथे सकाळपासून भांडण चाललंय. तुम्ही असं करा, उद्या जरा लवकर या. समोरासमोर बसून ठरवू.”

“म्हणजे मी यायचं ना उद्या?”

“मग? तिसरं मत नको का?”

भाचीने फोन ठेवला. काम टिकलं होतं. पण तिरंदाज बाई कसलेली की पिळदार, हे मात्र अजूनही कुणाला ठाऊक नव्हतं.