वर आलेले मासे

प्रश्न पहिला: मासे निरोगी आहेत का?

उत्तर दिराने फॉर्मवर आधीच लिहून ठेवलं होतं. हो. पुढच्या बहुतेक रकान्यांतही हो. राहिली होती सही, आणि ती वहिनीचीच लागणार होती. मत्स्यशेतीचा मालक दीर असला तरी टाक्या ती सांभाळायची.

"वहिनी, डोळे झाकून सही करा. गुंतवणूकवाल्या बाई येतीलच."

"डोळे झाकूनच करायची तर माझी कशाला हवी, भाऊजी?"

प्रश्न दुसरा: एका टाकीत मासे किती?

इथे मात्र दिराने खरा आकडा लिहिला होता, कारण त्याला त्याचा अभिमान होता. बाईंनी होकार दिला की त्याच टाक्यांत दुप्पट पिल्लं सोडायची, हे त्याने ठरवूनच टाकलं होतं.

प्रश्न तिसरा राहू द्या, बाई आल्याच.

सकाळची वेळ. पहिल्याच टाकीत शेकडो तोंडं पाण्याबाहेर उघडमीट करत होती. बाई हरखल्या.

"किती खेळकर आहेत हो. आपल्याला बघायला वर आले."

"माणसाळलेत," दीर म्हणाला. "लळा लागतो त्यांना."

वहिनीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. रात्री हवेचे पंप बंद करू नका, गर्दी कमी करा, हे महिनाभर सांगून तिच्या तोंडाला फेस आला होता.

"लळा नाही, बाई. पाण्यातला प्राणवायू संपलाय. श्वासासाठी धडपडतायत ते."

"वहिनी, घरातलं घरात."

"घर असतं तर मासे दार उघडून बाहेर पडले असते."

तिने जाऊन पंपाचं बटण दाबलं. तळातून बुडबुडे सुटले. मग अर्धा तास तिघं नुसती उभी. बाईंनी दोनदा घड्याळ पाहिलं, दीर चारदा खाकरला. वहिनी जागची हलली नाही, कुणाला हलूही दिलं नाही. एकेक तोंड खाली गेलं. वर नुसते बुडबुडे उरले.

"आता काहीच दिसत नाही," बाई म्हणाल्या.

"हे बरे मासे. दिसत नाहीत ते."

बाईंनी दिराकडे पाहिलं. "मग इथे किती असायला हवेत?"

दिराचं तोंड उघडलं, मिटलं.

प्रश्न दुसरा, पुन्हा. वहिनीने आकड्याखाली लिहिलं: आहेत त्याच्या निम्मे. वरचा 'हो' खोडला आणि लफ्फेदार सही ठोकली. बाईंनी कागद पिशवीत घातला. "आधी हे निम्मे करा. मग बोलू."

त्यांची गाडी वळताच दीर फणकारला, "उद्यापासून येऊ नका."

"येणार. पंप कोण बघणार? तुम्ही?"

आणि ती दुसऱ्या टाकीचं बटण दाबायला गेली.