घागरीच्या गाण्याचं शेवटचं कडवं

"सुई उचललीस तू, सयाजी! माझ्या डोळ्यांदेखत उचललीस!"

साळूबाई हॉटेलच्या पायरीवर उभी राहून ओरडत होती. कोरेगावच्या स्टँडवर तिचा आवाज नवा नव्हता. शेंगांची पाटी घेऊन ती याच पायरीशेजारी बसायची आणि कुणी मूठभर शेंगा चाखून तसाच पुढं गेला तर त्याच्या सात पिढ्या उद्धरायची. पण आज ती पाटी सोडून उठली होती, आणि हे कधी होत नसे.

"मी कशाला उचलू गं मावशी?" गल्ल्यावरचा सयाजी म्हणाला. "गाणंच संपलं."

"संपलं न्हाई. शेवटचं कडवं ऱ्हायलं."

"न्हाई ऱ्हायलं. ही नवी तबकडी हाय. सकाळीच साताऱ्यासनं आणली. बघ की, केवढी हाय."

तबकडी खरंच भाकरीपेक्षा मोठी होती. तिचं पुठ्ठ्याचं पाकीट सयाजीनं गणपतीच्या तसबिरीशेजारी उभं करून ठेवलं होतं. पाकिटावर लालासाहेब आटपाडीकर. डोक्याला जरीचा फेटा, डोळ्याला काळा चष्मा. एकेकाळी पायात धड वहाण नसलेला हा गडी आता सातारा-सांगलीत लग्न असो की जत्रा, भोंग्यातून सगळीकडं गात असे. कंपनीनं त्याची गाजलेली जुनी गाणी घेतली होती आणि एकाआड एक मध्ये नवी कोरी घुसवली होती. नव्यांपैकी एकात मोटारसायकल होती, एकात 'डार्लिंग' होती. जुन्यांसाठी लोक तबकडी घेणार आणि नवी त्यांच्या गळ्यात पडणार. ज्वारीत खडे मिसळून विकायची ही तऱ्हा बाजारात काही नवी नाही.

"परत लाव," साळूबाई म्हणाली.

सयाजीनं परत लावली. चोर म्हणून घेण्यापेक्षा ते बरं. आधी सारंगीच्या जागी दहा-बारा फिडली वाजल्या, मग घुंगरं, मग लालासाहेब.

ऊन तापलं, घागर रिकामी,
आडावर उभी मी एकली...

साळूबाई सुईकडं टक लावून बघत होती. दुसरं कडवं झालं, तिसरं झालं. मग घुंगरं जोरात वाजली, बायकांच्या घोळक्यानं 'एकली गं एकली' असं लाडालाडानं घोळवलं आणि गाणं थांबलं. बाकावरच्या एका पोरट्यानं शिट्टी मारली.

"पटलं?" सयाजी म्हणाला.

"जुनी कुठाय? जुनी लाव."

"ती उन्हानं वाकडी झाली गं. पत्र्याखाली ऱ्हायली, तव्यावानी फुगली. दिली टाकून."

"इचारलंस मला?"

"तुला इचारायला ती काय तुझी होती?"

सयाजीला यातलं काही ठाऊक नव्हतं, म्हणून त्याला माफ. पण ज्याला ठाऊक होतं त्याला माफी नाही.

ज्यानं गाणं रचलं त्याचं नाव शेवटच्या कडव्यात घालायचं, ही आपल्याकडची जुनी रीत. गाणाऱ्याला उशीर झाला तर तो मधलं एखादं कडवं गाळेल, पण नावाचं कडवं गाळत नाही. कळपात मेंढरं मिसळली तरी कानावरच्या खुणेनं ज्याची त्याला कळतात, तसं ते असतं. आणि या गाण्याचं शेवटचं कडवं असं होतं:

म्हणे जालिंदर, सरक जराशी,
तुझी मी घागर भरली.

जालिंदर म्हणजे साळूबाईचा नवरा. म्हसवडकडच्या एका गावात ही दोघं राहायची. तो रस्त्यावर खडी फोडायचा आणि सांजचं जलशात गायचा. गावच्या आडाला त्यांच्या वस्तीतल्या बायकांनी हात लावायचा नाही. लांब उभं राहायचं आणि कुणाला दया आली तर त्यानं वरून पाणी ओतायचं. एका उन्हाळ्यात साळूबाई दुपारभर उभी राहिली आणि कुणालाच दया आली नाही. ती रिकामी घागर घेऊन परत आली. दोन दिवसांनी जालिंदरनं हे गाणं म्हणून दाखवलं. खरी घागर त्याला भरता आली नव्हती, म्हणून त्यानं ती गाण्यात भरली. शेवटचं कडवं काढून टाकलं की उरते ती आडावर उभी राहून ठुमकणारी एक बाई. लोकांनी शिट्ट्या मारायला ती पुरेशी आहे.

छप्पन साली या घरानं धर्म बदलला. देव्हाऱ्यातले देव साळूबाईनं स्वतःच्या हातानं ओढ्यात सोडले. तेव्हा जालिंदर तिला म्हणाला, "आता माझं नाव घेत जा की. नाव घेतल्यानं नवऱ्याचं आयुष्य घटतं, हे बी त्याच पोथीतलं हाय." ती म्हणाली, "देव सोडलं तेवढं लय झालं." लाजेनं म्हणा, भीतीनं म्हणा, तिनं ते नाव कधीच घेतलं नाही. घरात 'आवं', बाहेर 'आमचं मालक'. दुष्काळाच्या साली तापानं मालक गेले. तिनं आयुष्यभर नाव घेतलं नाही, तरी आयुष्य घटलं ते घटलंच. त्याचा फोटो नव्हता. पोरबाळ नव्हतं. होतं ते एवढंच, की लालासाहेबानं मुंबईला जाऊन भरलेल्या जुन्या छोट्या तबकडीत शेवटी त्याचं नाव यायचं. साळूबाई कोरेगावला आली आणि स्टँडवरच्या सगळ्या जागा सोडून सयाजीच्या पायरीशी बसली, ती त्या तबकडीपायी. ती जे बोलू शकत नव्हती ते हॉटेलचा कर्णा रोज बोलायचा.

"लालासाब कुठं भेटंल?" तिनं विचारलं.

"ऐतवारी साताऱ्याला येणार हाय. ह्या तबकडीचा समारंभ हाय," सयाजी म्हणाला. "पर तुला कोण आत सोडणार?"

"मला कोण आडवतंय ते बघती."

रविवारी दुपारी ती साताऱ्याला गेली. मैदानावर मांडव होता. लालासाहेबानं चार गाणी म्हटली, हार घेतले, आणि खुर्चीवर बसून पाकिटांवर सह्या करायला लागला. समोर रांग. साळूबाईच्या हातात पाकीट नव्हतं, तरी ती रांगेत उभी राहिली. ढकलणाऱ्या दोघांना तिनं कोपरानं मागं सारलं. आडावर रांगेबाहेर उभी राहिलेली बाई ती, रांगेत उभं राहायचं तिला काय भ्या?

तिचा नंबर आला तसं लालासाहेबानं न बघताच हात पुढं केला. "पाकीट?"

"घागरीच्या गाण्याचं शेवटचं कडवं कुटं गेलं?"

त्यानं वर बघितलं. चष्मा होता, त्यामुळं डोळे दिसले नाहीत. पण त्यानं ओळखलं, हे साळूबाईला शपथेवर सांगता आलं असतं. तिच्या घरी बसून त्यानं ते गाणं शिकून घेतलं होतं. तिच्या हातचं कोरड्यास चाटूनपुसून खाल्लं होतं.

"कोण गं बाई तू?"

"ज्येनी गाणं रचलं त्येंची बायकू."

"हां." तो जरा सावरून बसला. त्याच्यामागं कंपनीचा एक माणूस उभा होता, त्यानं घड्याळाकडं बघितलं. लालासाहेब हसून म्हणाला, "त्याचं असं हाय आक्का, एका बाजूला किती गाणी बसवायची त्याला काय गणित असतंय. कंपनी म्हनली, कडवी लांबत्यात. कापलं. माझा त्यात हात न्हाई."

"तोंड तुमचंच हाय न्हवं? मधलं कापायचं हुतं. नावाचं का कापलं?"

"नावाचं कुणाला काय पडलंय आता? लोकास्नी चाल पायजे."

"मला पडलंय."

रांगेतली माणसं ऐकायला लागली होती. मागचे पुढं सरकले. एवढ्या लोकांसमोर एका फाटक्या बाईनं आपल्याला जाब विचारावा, हे लालासाहेबाला झोंबलं. तो उठला आणि माइक हातात घेतला. पुढं त्यानं जे केलं ते ठरवून केलं. तो आपल्याच मातीतला होता. कुठली बाई काय बोलू शकत नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

"मंडळी," तो माइकवर म्हणाला, "ही आक्का म्हनती, गाणं हिच्या मालकाचं हाय. मी नाकबूल करत न्हाई. हज्जार लोकांनी मला गाणी दिली. आता ह्या आक्कानं मालकाचं नाव सांगावं. मी हितंच, तुमच्यासमोर, कडव्यात घालून म्हणतो." आणि त्यानं माइक साळूबाईच्या तोंडापुढं धरला.

साळूबाईनं तोंड उघडलं. नाव जिभेच्या टोकाशी होतं, रोज कानांनी ऐकलेलं, पाठ झालेलं. ते बाहेर येईना. माइकमधून तिचा श्वास तेवढा मोठ्यानं ऐकू गेला.

"उखाण्यात घ्या आजी!" मागून कुणीतरी ओरडलं. हशा पिकला. पुढच्या बायका पदराआड हसल्या. त्यांना तर कळायला हवं होतं, पण त्याच आधी हसल्या.

"तुमास्नी ठावं हाय नाव," ती शेवटी म्हणाली.

"मला किती जणांची ध्यानात ऱ्हाणार?" लालासाहेबानं माइक मागं घेतला. "बघा मंडळी, घरच्या माणसालाच याद न्हाई, आन् दोष मला. आरं, ह्या आक्काला साडीचोळी द्या. कलावंताची बायको हाय, रिकामी जायला नको."

कुणीतरी लगबगीनं हिरवी साडी आणून तिच्या हातावर ठेवली. टाळ्या पडल्या. विधवेच्या हातावर हिरवी साडी ठेवतोय, हे तिथं एकाच्याही लक्षात आलं नाही. साळूबाईनं ती साडी सह्यांच्या टेबलावर, पाकिटांच्या थप्पीवर ठेवली.

"ही तुझ्या तोंडावर घे," ती म्हणाली. "तोंड झाकायला लागंल तुला कवातरी."

हे माइकवर गेलं नाही. ऐकलं ते जवळच्या चार जणांनी. बाकीच्या मांडवाला वाटलं, म्हातारीनं आशीर्वाद दिला.

एस.टी.त ती खिडकीशी बसली. तिला लालासाहेबाचा राग होता, हसणाऱ्या बायकांचा होता. पण सगळ्यांत जास्त राग तिला स्वतःच्या जिभेचा आला. ही जीभ दिवसभर स्टँडवर वाट्टेल त्याचा उद्धार करते, कुणाच्या बापाला भीत नाही, आणि एका माणसाच्या नावाला मुकी होते. तो माणूस 'घे' म्हणून सांगून गेला होता. कंडक्टर तिकिटाला आला तर ती त्याच्यावरच खेकसली.

सोमवारी कोरेगावचा बाजार. स्टँडवर पाय ठेवायला जागा नव्हती. सयाजीनं तबकडी लावली. गिऱ्हाईक तीच मागत होतं, त्याचाही इलाज नव्हता. साळूबाईकडं बघून त्यानं आवाज जरा कमी केला.

"वाढव," ती म्हणाली. "मला काय भीती दावतोस?"

फिडली झाल्या, घुंगरं झाली. ऊन तापलं, घागर रिकामी. तिसरं कडवं आलं. 'एकली गं एकली' झालं. सुई खरखरत पुढच्या गाण्याकडं सरकू लागली.

साळूबाईनं पाटीवरचं फडकं घट्ट धरलं. तिला गाता येत नव्हतं. बाजारात ओरडून घसा बसलेला. त्या घशातून, भाव सांगावा तसं तिनं कडवं म्हटलं.

"म्हणे जा..."

थांबली. पुढचं गाणं सुरू झालं, मोटारसायकल फुरफुरली.

"म्हणे जालिंदर," ती म्हणाली, "सरक जराशी, तुझी मी घागर भरली."

मोटारसायकलच्या आवाजात ते कुणाला नीट ऐकूही गेलं नसेल. आकाश कोसळलं नाही. कुणाचं आयुष्य घटायचं आता उरलं नव्हतं. साळूबाईच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती ते पुसत नव्हती, कारण तिचं लक्ष तोंडातल्या नावाच्या चवीकडं होतं. तिनं पुन्हा म्हटलं, या वेळी गाण्याशिवाय, नुसतंच. "जालिंदर." मग जरा मोठ्यानं, "जालिंदर!"

शेंगा घ्यायला वाकलेला एक प्रवासी दचकला. लष्करातून सुट्टीवर आलेला असावा, हातात काळी ट्रंक होती. त्यानं वळून फलाटावरच्या गर्दीकडं बघितलं.

"कुणाला हाक मारताय, मावशी?"

"मालकाला."

"चुकामूक झाली व्हय? कुठल्या गाडीनं येणार हुते? बघून येऊ का?"

"नगं," साळूबाई म्हणाली. "चुकले न्हाईत ते. मीच हाक मारायला उशीर केला."

त्याला काही समजलं नाही. तिनं कागदाच्या पुडीत शेंगा भरल्या, वर एक मूठ जास्तीची टाकली, पुडी त्याच्या हातात दिली. आणि मग आत वळून ती नेहमीच्या आवाजात ओरडली,

"सयाजी, लाव रं परत ती चोराची तबकडी!"