सहाशे आठनंतर तेहेतीस

"पान सहाशे आठ. आणि त्याच्यापुढं पान तेहेतीस!" म्हाताऱ्यानं ते जाडजूड पुस्तक वाचनालयाच्या टेबलावर आपटलं. "चार महिने डोळे फोडून वाचलं, ते काय परत पहिलीत बसायला?"

बाइंडिंगवाल्या बाईंनी खळीचा ब्रश डब्यात ठेवला. "काका, हळू. शिवण उसवेल."

"उसवू दे! त्याच लायकीचं आहे ते."

उभ्या आयुष्यात त्यानं पंप दुरुस्त केले होते. कादंबऱ्या हा त्याच्या बायकोचा प्रांत. त्यातही ही कसली, तर दोन ग्रहांचं तीनशे वर्षांचं युद्ध, काचेच्या टाक्यांत वाढवलेल्या मारेकरी बायका. त्यातली शेवटची निघते शत्रूच्या सेनापतीला मारायला. सावज अचूक ओळखता यावं म्हणून तिच्या डोक्यात त्याच्याच आठवणी भरलेल्या. त्याची आई, त्याचं अंगण, त्याचा लहानपणीचा ताप, सगळं तिला स्वतःचं असल्यासारखं आठवतं. बायकोनं हे त्याला जेवताना सांगितलं होतं. आणि शेवटही सांगून टाकला होता.

"नाही मारत ती. बंदूक रोखते, आणि तिला त्याचं हरवलेलं कुत्र्याचं पिल्लू आठवतं. संपलं."

"काहीतरीच! ऑर्डर असते तिला. मारणारच."

"अहो, पुस्तक मी वाचलंय की तुम्ही?"

हा वाद वीस वर्षं पुरला. भाजी खारट झाली, पाहुणे उशिरा आले, मुलाशी वाजलं, की रात्रीच्या जेवणाला तोच विषय. हॉस्पिटलात, नाकात नळी असतानाही, ती पुटपुटली होती, "नाही मारत." तो चिडून म्हणाला होता, "बरी हो, पुस्तकच आणून दाखवतो."

"दाखवाच," ती म्हणाली होती.

ते दाखवायचं राहिलं. म्हणून नवा चष्मा करून घेऊन तो वाचायला बसला. वैताग नुसता! दर वीस पानांना कुणीतरी मरायचं आणि मरण्याआधी भाषण करायचं. यानात चार हजार माणसं राहतात, पण वरच्या मजल्यावर पाणी चढतं कसं, याचा लेखकाला पत्ता नाही. सून म्हणाली, "बाबा, एवढा त्रास होतो तर सोडून द्या ना."

"सोडून कसं देऊ? मी बरोबर आहे!"

आणि आज सकाळी सहाशे आठव्या पानावर तिनं बंदूक रोखली होती. त्यानं घाईघाईनं समोरच्या पानाकडं नजर वळवली, तर वर आकडा तेहेतीस.

बाईंनी पुस्तक उघडून शेवटच्या शिवणीत नख घातलं, पानं मोजली, आणि कानामागं खाजवलं. "काका, हे माझंच पाप. या पुस्तकाच्या दोन प्रती होत्या, दोन्ही फाटक्या. सोळा-सोळा पानांचे फॉर्मे सुटे केले, चांगले तेवढे निवडले आणि दोन्हींतून एक धड प्रत बांधली. तेव्हा मी नवीन होते. शेवटच्या फॉर्म्याच्या जागी दुसऱ्या प्रतीतला तिसरा फॉर्मा, पान तेहेतीसपासूनचा, शिवला गेला. उरलेलं रद्दीत गेलं."

"म्हणजे शेवट?"

"शेवट यात नाहीच. बावीस वर्षं झाली."

बावीस. त्यानं पुस्तक ओढून घेतलं. मागच्या चिठ्ठीवर सभासद क्रमांक दोनशे बारा. तिचा. एकदा नाही, तीनदा. पहिली तारीख बाइंडिंगच्या नंतरची.

"मग तिनं वाचलं काय? डोंबल? वीस वर्षं माझ्याशी भांडली ती!"

"तुम्ही दोनशे बारांच्या घरचे होय!" बाई हसल्या. "आल्या होत्या ना त्या. मला वाटलं, आता बोलणी बसणार. मी म्हटलं, दुसरीकडून शेवटची पानं मागवून जोडते. तर म्हणाल्या, नको, आहे तेच बरोबर लागलंय. हात लावू नका."

त्यानं चष्मा पुसला. सहाशे आठवरची शेवटची ओळ वाचली: तिनं बंदूक रोखली. समोरच्या पानाची पहिली ओळ वाचली. पावसात भिजलेला एक लहान मुलगा पिल्लाला हाका मारत अंगणभर फिरत होता.

"खोटारडी," तो म्हणाला. पण आवाज नेहमीसारखा चढला नाही.

"आता मागवू का? मोठ्या वाचनालयात प्रत आहे. मंगळवारपर्यंत सोळा पानांची झेरॉक्स येईल. एकदाचं कळेल तरी, कोण बरोबर ते."

बाईंनी मागणीचा कागद पुढं सरकवला. त्यानं पेन उघडलं. आयुष्यात एकही पंप त्यानं अर्धवट उघडून ठेवला नव्हता. तरी त्यानं कागद परत सरकवला आणि पेनाला टोपण लावलं.

"कळून कुणाला दाखवू?" तो म्हणाला. "शिक्का मारा. आणखी पंधरा दिवस नेतो. आणि शिवणीला हात लावायचा नाही, सांगून ठेवतो."

रात्री जेवताना त्यानं पुस्तक समोरच्या रिकाम्या खुर्चीपुढं उघडून ठेवलं. मिटू नये म्हणून वर चमचा आडवा घातला. भाजी खारट झाली होती.

"काही म्हण, मारणारच ती," तो म्हणाला, आणि घास हातात धरून थांबला. उत्तर द्यायला तिला लागायचा, तेवढा वेळ.