तिसऱ्या अल्बमचं शेवटचं गाणं

एकाच अल्बमच्या तीन प्रती विकत घेणारी बाई वेडी असते असं ज्यांना वाटतं, त्यांनी आधी त्या तीन प्रती नीट बघाव्यात, असं ताईचं म्हणणं होतं. म्हणणं रास्त होतं, पण घरात ऐकतो कोण? भाऊ म्हणायचा, "ताई, तुझं वय काय, तुझी गाणी काय!" आणि भावजय काही म्हणायची नाही, नुसती हसायची. ते हसणं ताईला जास्त झोंबायचं.

ताई त्रेपन्न वर्षांची. लग्न केलं नव्हतं, आणि काही राहून गेलं असंही तिला कधी वाटलं नव्हतं. तीस वर्षं ती एका लॅबमध्ये कवळ्या बनवत होती. मोठ्या हॉस्पिटलचं दातांचं सगळं काम त्यांच्याकडे यायचं. तोंडाचा साचा यायचा, सोबत डॉक्टरची गुलाबी चिठ्ठी यायची, आणि त्यावरून ताई मेणात एकेक दात बसवायची. ते दात वापरणारी माणसं तिने कधी पाहिली नव्हती. पण आपली कवळी तिला हजारांत ओळखू आली असती. खालच्या डाव्या सुळ्याला ती किंचित तिरकी मान द्यायची. देवाने कुणाचे दात पट्टीने आखून दिलेले नाहीत, मग आपण कोण लागून गेलो, असा तिचा हिशेब होता.

चार वर्षांपूर्वी आई गेली. सहा वर्षं ताईने तिचं सगळं अंथरुणात केलं होतं, त्यामुळे आई गेल्यावर हाताला काम उरलं नाही आणि कानाला हाक उरली नाही. त्या दिवसांत मोबाइलवर चुकून एक जपानी गाणं लागलं. आठ मुली एका सुरात गात होत्या आणि उड्या मारत होत्या. एक अक्षर कळलं नाही. तरी दुसऱ्या दिवशी ताईने ते पुन्हा लावलं, आणि तिसऱ्या दिवशी तिच्या लक्षात आलं की मागच्या रांगेत डावीकडे जी उभी असते तिचा आवाज निराळा आहे. सात आवाजांखाली तो दबलेला असायचा, पण असायचा. जरा खरखरीत, आणि बाकीच्यांपेक्षा अर्धा श्वास उशिरा संपणारा.

त्या मागच्या रांगेतलीला तिचेच चाहते 'आजी' म्हणायचे. वय वर्षं एकतीस! हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा ताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. एकतिसाव्या वर्षी आजी, तर त्रेपन्नाव्या वर्षी माणसाने काय, भिंतीवर फोटो होऊन लटकायचं? नऊ वर्षांत त्या पोरीला एक ओळ एकटीने गायला दिली नव्हती. कुणी विचारलं तर कंपनी म्हणे, सगळ्यांचे आवाज सारखेच आहेत. सारखे! कानात बोळे घालून बसलेत मेले, असं ताई मोबाइलकडे बघून मोठ्याने म्हणाली होती.

आता तो गट मोडणार होता. शेवटचा अल्बम निघाला तो तीन तऱ्हांचा. वरचं चित्र एकच, आठ पाठमोऱ्या मुली, फक्त कोटांचा रंग वेगळा. एकावर निळे कोट, दुसऱ्यावर राखाडी, तिसऱ्यावर पिवळे. आतली पहिली दहा गाणी तीच. अकरावं मात्र प्रत्येकात निराळं, आणि पिवळ्यातलं अकरावं त्या मागच्या रांगेतलीचं होतं. एकटीचं, नऊ वर्षांत पहिलं आणि शेवटचं. कंपनी लहान, तिने अल्बमच्या सीड्या एकदाच काढल्या आणि त्या संपल्या. मोबाइलवर ते गाणं कुठेच नव्हतं. पार्सल यायला सहा आठवडे लागले. येतंच आहे पार्सल तर रिकामं का यावं, म्हणून ताईने एका रॉक बँडचा नवा अल्बमही त्यात घेतला होता. ते चार दणकट बाप्ये गिटार बडवत असे काही ओरडायचे, की कवळी घासायच्या यंत्राच्या आवाजावर मात करायला जगात तेवढेच पुरे पडत.

पण पिवळा तिने अजून उघडलाही नव्हता. आवडीचा घास शेवटी, ही तिची लहानपणापासूनची खोड. गेल्या आठवड्यात निळा ऐकला, या आठवड्यात राखाडी, आणि पिवळा रविवारी, दार लावून, एकटीने.

शनिवारी सकाळीच लॅबच्या मालकाने तिला टेबलापाशी बोलावलं. "हॉस्पिटलमधून फोन होता. महिन्याभरापूर्वी दिलेली कवळी पेशंटला टोचतेय. डॉक्टर म्हणतात, कड कमी करा असं चिठ्ठीवर लिहून दिलं होतं."

ताईने फाइल काढून समोर ठेवली. "एकच चिठ्ठी आली. यात कडेचं नावसुद्धा नाही."

"मग ती हरवली असेल तुमच्याकडून."

"तीस वर्षांत माझ्याकडून एक कागद हरवलेला दाखवा."

"बाई, वय होतं माणसाचं," मालक म्हणाला, आणि वर मायेने हसला. "पुन्हा असं झालं तर हॉस्पिटलचं काम मला दुसऱ्या कुणाकडे द्यावं लागेल."

ताई घरी आली ती धुमसतच. खोलीत शिरली आणि थबकली. फळी स्वच्छ पुसलेली होती. तिच्यावर रॉकवाले होते. निळे कोट होते, पण त्यांच्या पाठीवरचा जपानी अक्षरांचा कागदी पट्टा काढून टाकलेला होता. राखाडी नव्हते आणि पिवळे नव्हते.

भावजय हात पुसत दारात आली. तिचा चेहरा असा फुललेला, जसं काही मोठं उपकाराचं काम केलं होतं. "बघितलंत ताई? किती जागा झाली! एकच वस्तू तीन-तीनदा होती. तुम्ही विसरून परत परत मागवली असणार. मी दुबार काढून टाकल्या."

भावजय त्याच मोठ्या हॉस्पिटलच्या रेकॉर्ड रूममध्ये कामाला होती. सगळ्या विभागांचे कागद तिच्या हातून पुढे जायचे. एका नंबरचे दोन कागद आले की एक ठेवायचा आणि दुसरा बाजूला काढायचा, यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. वीस वर्षांत ती सवय हाडीमासी खिळली होती. तिने घरातल्या विजेच्या बिलांपासून भावाच्या जुन्या चपलांपर्यंत सगळ्याचे दुबार काढले होते. आजवर ताई गप्प बसली होती, कारण चपला तिच्या नव्हत्या.

"कुठे काढून टाकल्यास?" ताईचा आवाज इतका हळू निघाला की भाऊसुद्धा बाहेरून आत आला.

"टाकल्या नाहीत हो! हॉस्पिटलमध्ये खाली पेशंटसाठी टेबल असतं ना, जुनी पुस्तकं वगैरे. सकाळी जाऊन ठेवून आले. तेवढाच कुणाचा वेळ जाईल."

"माझ्या खोलीतली वस्तू मला न विचारता?"

"ताई, अगं सीड्याच तर आहेत," भाऊ म्हणाला. "आणि एक ठेवलीय की तुला. एकाच गाण्याला तीन तीन सीड्या कशाला लागतात?"

"एकाच गाण्याला नाही!" ताई ओरडली. त्या घरात ती चार वर्षांत ओरडली नव्हती. "तुला दोन पोरं आहेत. दोघांची नाकं तुझ्यासारखीच आहेत. एक देऊन टाकू का कुणाला? तुम्ही उघडून बघितलं नाही, वाचलं नाही, विचारलं नाही. वरचं चित्र बघितलं आणि निकाल दिलात! त्या पिवळ्यात एका बाईचं गाणं होतं. चार वर्षं मी त्याची वाट बघितली. जगात ते आता विकत मिळत नाही. कळतंय? मिळत नाही!"

भावजयीच्या चेहऱ्यावरचं फूल उतरलं. "मला काय माहीत... कोटाचा रंग तेवढा वेगळा होता."

"चप्पल घाल," ताई म्हणाली. "चल माझ्याबरोबर. जिथे ठेवलीस तिथून काढून दे."

हॉस्पिटलच्या तळमजल्यावर, लिफ्टच्या शेजारी ते टेबल होतं. राखाडी कोटवाल्या मुली तिथे सापडल्या. त्यांच्या पाठीवर कुणीतरी चहाचा कप ठेवला होता आणि त्याचा गोल डाग सुकत आला होता. ताईने तो पदराने पुसला आणि भावजयीकडे असं बघितलं की ती बिचारी दोन पावलं मागे सरली. पिवळे कोट नव्हते.

"पिवळी होय?" टेबलामागची बाई म्हणाली. "ती दुसऱ्या मजल्यावरच्या ट्रकवाल्या काकांनी नेली. पाय मोडलाय त्यांचा. त्यांच्याकडे जुना सीडी प्लेअर आहे."

ट्रकवाले काका खिडकीजवळच्या खाटेवर होते. पाय प्लास्टरमध्ये, कानात इअरफोन, डोळे मिटलेले. उशाशी पिवळे कोट उघडे पडले होते. ताई तोफ डागायच्या तयारीनेच खाटेपाशी गेली. तेवढ्यात तिची नजर टेबलावरच्या पेल्यात गेली. पेल्यात पाणी होतं, आणि पाण्यात कवळी. खालच्या डाव्या सुळ्याची मान किंचित तिरकी होती.

ताईने आजवर आपली एकही कवळी तिच्या माणसाजवळ पाहिली नव्हती.

काकांनी डोळे उघडले आणि इअरफोन काढले. "कुणाकडे आलात, बाई?" दात नसल्यामुळे शब्द वाऱ्यावर सुटत होते.

"ती सीडी माझी आहे," ताई म्हणाली. "चुकून दिली गेली. ही माझी भावजय. हिनेच दिली."

"तुमची?" काका तिच्याकडे बघत राहिले. "देतो हो, देतो. पण शेवटचं गाणं आणखी एकदा ऐकू द्या. दहा गाणी नुसता कलकलाट, पोरीबाळी खेळताहेत तसा. आणि मग ही एकटी गाते. ही सगळ्यांत असतेच म्हणा. मागून येतो तिचा आवाज, जरा उशिरा संपतो. तीस वर्षं ट्रकचं इंजिन ऐकलंय मी, एक बोल्ट ढिला असला तरी कळायचा. ही कुणी वेगळीच आहे."

घरात चार वर्षं सांगून कुणाला पटलं नव्हतं, ते हा पाय मोडलेला परका माणूस एका सकाळीत ऐकून बसला होता. रडू आलं म्हणून ती आणखी चिडली, आणि चिडूनच तिने पेल्याकडे बोट केलं. "हे दात का नाही लावत तुम्ही?"

"टोचतात हो." काकांनी बोटाने ओठ ओढून दाखवला. खाली डावीकडे हिरडी लाल होऊन सोलवटली होती. "महिना झाला, पेज पिऊन राहिलोय. कुणी बनवलेत देव जाणे."

"मी बनवलेत," ताई म्हणाली. "आणि बरोबर बनवलेत. चिठ्ठीत होतं तसे. कड कमी करायची चिठ्ठी माझ्याकडे आलीच नाही."

"कशी नाही? डॉक्टरांनी माझ्यासमोर लिहिली की. आधी एक लिहिली होती, मग माझी हिरडी पुन्हा तपासली आणि तिथेच दुसरी लिहिली. दोन्ही गुलाबी, दोन्हींवर माझा नंबर. एकदमच शिपायाच्या हाती दिल्या."

ताई वळली. भावजय खाटेच्या पायथ्याशी उभी होती आणि तिच्या तोंडावरचा रंग पार उडाला होता. तिला काही विचारावं लागलं नाही. "आलेच मी," एवढंच म्हणून ती गेली.

परत आली तेव्हा तिच्या हातात दोऱ्याने बांधलेला गुलाबी कागदांचा गठ्ठा होता. बाजूला काढलेले दुबार कागद फाडण्याआधी तीन महिने कपाटात ठेवायचे, असा तिथला नियम होता. वरची चिठ्ठी तिने ताईपुढे धरली. काकांचा नंबर होता, आणि खाली डॉक्टरच्या वाकड्या अक्षरात लिहिलं होतं: खालची डावी कड दोन मिलिमीटर कमी.

"एकाच नंबरच्या होत्या, ताई," ती म्हणाली. "एकसारख्या दिसल्या." मग ती काकांकडे वळली आणि हात जोडून म्हणाली, "तुमच्या तोंडाचं हे मी केलंय. तुमची माफी मागते." चिठ्ठी तिने लपवली नाही.

ताईने गठ्ठ्याकडे बघितलं. चांगला बोटभर जाड होता. त्यात आणखी किती हिरड्या, किती औषधं, किती माणसं असतील याचा विचार तिच्या मनात आला, आणि जो भडका सीडीसाठी उडाला होता तो आता सीडीपुरता राहिला नाही.

"हा सगळा गठ्ठा उलगडायचा," ती म्हणाली. "एकेक कागद वाचून. सोमवारपासून."

"आजपासून," भावजय म्हणाली. "आणि सोमवारी तुमच्या मालकांना मी स्वतः येऊन सांगते, चूक कुणाची ते."

ताईने कवळी पेल्यातून काढली, रुमालात गुंडाळली आणि चिठ्ठीसकट पर्समध्ये ठेवली. "काका, कड घासून सोमवारी आणते. तोपर्यंत पिवळी तुमच्याकडे राहू दे. पण ते शेवटचं मी अजून ऐकलेलं नाही."

"अजून नाही?" काकांनी दोन्ही इअरफोन तिच्या हातात दिले. "बसा. बसा आधी."

ताई खाटेच्या कडेवर बसली. ना दार लावलेलं होतं, ना एकटेपण. समोर सलाइनचे स्टँड होते, दोन नर्सा बडबडत होत्या. मग तो आवाज आला. वर सात आवाज नव्हते, खाली दबणं नव्हतं. शेवटचा सूर बाईने सोडला नाही, घाई केली नाही, तिला हवा तेवढा उशिरा संपवला. ताईने डोळे पुसले नाहीत. बघू देत ज्याला बघायचंय त्याला.

जिना उतरताना भावजयीने राखाडी कोट ताईच्या हातातून घेतले आणि नीट धरले. "ताई, मला ऐकवाल? निळा आणि हा. फरक कळतो का बघते."

"आज दोन. सोमवारी तिसरा."

"आणि नाही कळला तर?"

"तर पुन्हा पहिल्यापासून," ताई म्हणाली. तिचा राग अजून गेला नव्हता, आणि तो जावा असं तिला वाटतही नव्हतं. "कळेपर्यंत."